सेव्ह काहून नाही केलं?

काही दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, मग म्हटलं लिहूनच टाकू. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. निवांत असाल तेव्हा वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, निव्वळ बातमीदारीवर बाळापुरात घर चालत नाही. म्हणून बातम्या-जाहिरातींच्या जोडीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान टाकलंय. तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर मी बातम्या करतो, दुसऱ्यावर घरचे लोक फॉर्म भरतात, तिसरा म्हातारा झालाय, तो कोपऱ्यात असतो. त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी होती आणि नेमकी साइट बंद पडली. बसायला जागा नव्हती, म्हणून एका पोराला त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. नववीतला असेल. मोठ्या बहिणीचे कागद घेऊन आला होता.

"काका, साइट आली का?"

"नाही ना बापा. बस थोडा."

पाऊण तास असाच गेला. मधे सहज मान वळवली तर पोरानं पेंट उघडलेलं. माउस धरून छत्री काढत होता. आपली नदीकाठची, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. मी मागं उभा राहून पाहत राहिलो. त्यानं सगळे खांब काढायचा खटाटोप केलाच नाही. एक खांब आणि त्याच्यावरची अर्धी कमान नीट काढली, ती सिलेक्ट केली, कॉपी केली, उलटी करून शेजारी चिकटवली, की झाली पूर्ण कमान. तीच पुन्हा चिकटवत गेला. दगडाला तीन रंग लावले, उन्हाकडचा फिका, सावलीकडचा गडद. आणि खाली नदी काढली ती निळी नाही काढली. मातकट काढली. पुराच्या दिवसांत मन नदी असते ना, तशी.

"कोणं शिकवलं रे?"

"कोणी नाही. असंच."

तेवढ्यात रांगेतले एक ओळखीचे भाऊ मागून म्हणाले, "काय टाइमपास करून राह्यला रे? दुसऱ्याचं कॉम्प्युटर खराब होते ना!" पोरगं दचकलं. पटकन वरच्या फुलीवर क्लिक केलं. सेव्ह करायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यानं 'नको'वर दाबलं. गेली छत्री.

मी म्हटलं, "अबे, सेव्ह काहून नाही केलं?"

तो म्हणाला, "काय करू ठेवून, काका?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर साइट आली, फॉर्म भरला, पोरगं पावती घेऊन गेलं. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि खरं सांगतो, मला त्या भाऊंचा राग यायला तोंड नव्हतं. कारण त्याच कोपऱ्यात, त्याच कॉम्प्युटरच्या वर, माझ्याच हातानं चिकटवलेला कागद आहे : 'विनाकारण कॉम्प्युटरला हात लावू नये.'

या 'विनाकारण' शब्दाबद्दलच मला बोलायचंय.

आपल्या गावात कॉम्प्युटर कशासाठी आहे? जरा आठवून पाहा. सातबारा काढायला. पीक विमा भरायला. केवायसी करायला. आधारवरचं नाव दुरुस्त करायला. निकाल पाहायला. उत्पन्नाच्या दाखल्याला. माणूस कॉम्प्युटरसमोर येतो तो कागदांची पिशवी घेऊन आणि पोटात गोळा घेऊन. ओटीपी येईल का, अंगठा लागेल का, तारीख तर गेली नाही ना. गेली कितीतरी वर्षं मी हे चेहरे पाहतोय. त्या पडद्याकडे पाहून कुणी हसलेलं मला फारसं आठवत नाही.

ज्या वस्तूशी माणूस कधी खेळला नाही, ती वस्तू त्याची होत नाही. बैलगाडीशी आपण लहानपणी खेळलो, म्हणून धुरेवर बसायची भीती नव्हती. सायकल कैची मारून शिकलो, गुडघे फोडून घेतले, मग ती आपली झाली. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण थेट अर्जदार म्हणून उभे राहिलो. आणि अर्जदारच राहिलो. घरात मोबाइल आले, गावात नेट आलं, तरी साधा फॉर्म भरायला माणूस माझ्या दुकानात येतो आणि वीस-तीस रुपये देतो. त्यावर माझं घर चालतं, हे मान्य. पण जे मान्य आहे ते चांगलं आहे असं थोडंच आहे!

आता थोडं माझं सांगतो.

२००१ च्या सुमारास पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी अकोल्यात एका पेपरात लागलो. रात्रपाळी. पानं लावायला पेजमेकर, अक्षरं श्रीलिपीची. आम्हा वार्ताहरांना कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती, तो मान डीटीपी ऑपरेटरचा. पण रात्री पान सुटलं की मशीन रिकामं असायचं. तिथला ऑपरेटर चांगला माणूस होता. म्हणायचा, "बस. काही फुटत नाही हातानं." पहिल्या रात्री मी काय उघडलं? पेंट. दुसरं काही येतच नव्हतं. चौकोन काढला, त्यात रंग ओतला. चौकोनाला एक बारीक फट राहिली होती, तिच्यातून रंग सांडून सगळा पडदा लाल झाला. घाबरलोच. ऑपरेटर हसला आणि 'अनडू' दाखवलं. केलेलं मागं घेता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्या वेळच्या पेंटमध्ये फक्त तीनदाच मागं जाता यायचं, त्यामुळं चौथी चूक करताना माणूस विचार करायचा. लोडशेडिंगचे दिवस, यूपीएसचा भरवसा नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय बोटांना लागली ती आजही गेली नाही.

एकदा मे महिन्यात उन्हाच्या बातमीला फोटो नव्हता. मी पेंटमध्ये डोक्याला दुपट्टा बांधलेला सूर्य काढला, घाम पुसत असलेला. वाकडातिकडाच होता. संपादकांनी पाहिला, काही बोलले नाहीत, एका कॉलमात लावला. आईनं ते कात्रण कोठीच्या दाराला चिकटवलं होतं. आजवर माझ्या नावानं कितीतरी बातम्या छापून आल्या, पण तिनं चिकटवून ठेवलेलं ते एकच.

या असल्या खेळातूनच मला कॉम्प्युटर आला. सिलेक्ट म्हणजे काय, कॉपी म्हणजे काय, फाइल कुठं जाते, नाव काय द्यायचं, सगळं चित्र काढताना कळलं. एमएस-सीआयटी मी नंतर केलं. सरकारी नोकऱ्यांसाठी ते लागतं, आणि त्या कोर्समुळं खेड्यापाड्यातल्या लाखो पोरापोरींचा हात पहिल्यांदा कीबोर्डला लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मी पाहतो, सर्टिफिकेट लॅमिनेशन करून फायलीत जातं आणि त्यानंतर तो माणूस फॉर्म भरायला माझ्याकडेच येतो. शिकला, पण रमला नाही.

रमणं म्हणजे काय, त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे, आणि ते कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. मुंबईचे चंद्रकांत भिडे. चित्रकला शिकायची होती, घरची परिस्थिती नव्हती, म्हणून टायपिंग शिकले आणि युनियन बँकेत नोकरीला लागले. एकदा साहेबांनी इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायला सांगितली. यांनी ती यादी टेलिफोनच्या आकारात टाइप करून दिली. तिथून सुरू झालं. मग फुल्या, टिंबं, रेघा, कंस अशा साध्या खुणा मारून गणपती केला, माणसांचे चेहरे केले, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन केला. त्यांची प्रदर्शनं भरली. निवृत्त झाले तेव्हा बँकेनं तो टाइपरायटर त्यांना एक रुपयात देऊन टाकला.

मला यात मोठं वाटतं ते हे की, हातात जे यंत्र आलं त्याच्यावरच त्यांनी केलं. ब्रश नाही मिळाला, टाइपरायटर मिळाला. ठीक आहे. आणि टाइपरायटरला अनडू नव्हतं बरं का. एक अक्षर चुकलं की गेला कागद.

जपानमध्ये तात्सुओ होरिउची नावाचे एक गृहस्थ आहेत. साधारण २००० साली, निवृत्तीच्या सुमारास त्यांना चित्रं काढावीशी वाटली. चित्रांचं सॉफ्टवेअर महाग, पण कॉम्प्युटरवर एक्सेल आधीच होतं. एक्सेल, ज्यात आपण पगारपत्रक करतो ते! त्यात त्यांनी डोंगर, चेरीची झाडं, फुजी पर्वत काढले. अमेरिकेत हॅल लास्को नावाचे आजोबा होते. आयुष्यभर अक्षरं काढायचं काम केलेले. म्हातारपणी नजर गेली, बारीक काम जमेना. घरच्यांनी कॉम्प्युटर आणून दिला, त्यातलं पेंट दाखवलं. पडद्यावर चित्र मोठं करून, एकेक ठिपका ठेवत त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली. २०१४ मध्ये गेले, ९८ वर्षांचे होते.

पेंट ही काही भारी वस्तू नाही. १९८५ साली पहिल्या विंडोजबरोबर आलं, तेव्हापासून कोपऱ्यात बसून आहे. २०१७ च्या जुलैत बातमी आली की कंपनी आता त्याच्याकडे लक्ष देणार नाही, ते बंद होणार. तर जगभरातून लोकांनी एवढी हळहळ केली की कंपनीला सांगावं लागलं, जात नाही, राहतंय. भारी सॉफ्टवेअरसाठी कुणी अशी हळहळ केलेली मला आठवत नाही. लोकांचं पहिलं वाकडं घर, पहिला सूर्य, पहिली नदी त्यात होती.

आणि आपल्याकडच्या बायांना तर हे शिकवायचीही गरज नाही. पडद्यावरचं चित्र म्हणजे शेवटी काय असतं? चौकटीत मांडलेले ठिपके. आमची आई दिवाळीत अंगणात सारवून, पंधरा ते एक अशी ठिपक्यांची रांगोळी घालायची. कोणता ठिपका कोणाला जोडायचा हे पाठ. एक ओळ चुकली तर अख्खं कमळ वाकडं. सतरंजी विणणारा धागे मोजतो, तेही तेच. १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवरची ती छोटी छोटी चित्रं, म्हणजे कचऱ्याचा डबा, हसरा कॉम्प्युटर, ही सुझन केअर नावाच्या बाईंनी काढली. आधी आलेखाच्या वहीवर, एकेक चौकोन भरून. ३२ बाय ३२, म्हणजे एकूण १,०२४ चौकोन. आपल्याकडची कोणतीही काकू हे काम बसल्या बसल्या करेल. फरक एवढाच की काकूला कुणी माउस धरू दिला नाही. तिला सांगितलं, हे सरकारी काम आहे, अंगठा ठेव आणि बाजूला हो.

अजून एक गंमत सांगतो. तुम्ही विंडोजवर मराठीत काही वाचलं असेल तर बहुधा 'मंगल' नावाचं अक्षर पाहिलं असेल. किती अर्ज, किती जीआर आपण त्या अक्षरात वाचले असतील! ते अक्षर काढलं र. कृ. जोशी यांनी. मराठीतले कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे मास्तर. २००८ साली ते गेले. त्या यंत्रात आपल्या माणसाचा हात आहे. वेलांटी कुठं वळवायची, उकार किती खाली न्यायचा, हे कुणीतरी बसून, प्रेमानं ठरवलंय. मी दुकानात येणाऱ्या पोरांना हे सांगतो तेव्हा ती पडद्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतात. दाखल्यातला मजकूर तोच असतो, पण अक्षर आता त्यांच्या ओळखीचं झालेलं असतं.

आता शाळांकडे येतो. हे थोडं कडू आहे.

शाळांमध्ये कॉम्प्युटर खोल्या असाव्यात म्हणून केंद्राची योजना २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं मशीनं आली. बातमीसाठी म्हणून मी आपल्या भागातल्या काही खोल्या पाहिल्या आहेत. नावं लिहीत नाही, कारण एका शाळेचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाटेल आपलं बरं आहे. बऱ्याच ठिकाणी चित्र सारखं. दाराला कुलूप. आत मशीनवर कव्हरं, कव्हरांवर धूळ. शिकवायला आलेल्या सरांचा करार संपला, ते गेले. बॅटऱ्या फुगल्या. किल्ली कुणाकडे, तर 'सरांकडे'. सर कुठं, तर मीटिंगला.

एका शिक्षकांनी मला मनापासून सांगितलं, "भाऊ, पोरं बिघडवतील, मग उत्तर कोण देईल? डेडस्टॉकला नोंद आहे." शाळेत कॉम्प्युटरची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते. आपण वस्तू डेडस्टॉकमध्ये टाकली आणि तिला तसंच वागवलं. त्या शिक्षकांची चूक नाही म्हणत मी. माउस तुटला तर नवा घ्यायला पैसे कोणत्या खात्यातून, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुटलेल्या माउसचं उत्तर मागणारे वर पुष्कळ आहेत. खोली वर्षभर बंद का राहिली, याचं उत्तर मागणारा कुणी नाही. म्हणून ते कुलूप लावतात. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तरी लावलं असतं.

याच्या उलट दुसरी गोष्ट. आता चित्रं तर सगळेच 'करतात'. एआयला एक ओळ सांगायची, चार चित्रं हजर. २०२५ च्या मार्चमध्ये तर सगळं गाव जपानी कार्टून झालं होतं. लग्नाचे फोटो, आजीचे फोटो, पुढाऱ्यांचे फोटो, सगळ्यांचे डोळे मोठे आणि गाल गुलाबी. मीही केला माझा, खोटं कशाला बोलू. मजा आली. गणपतीत मात्र प्रत्येक मंडळाच्या फ्लेक्सवर तोच चकचकीत गणपती पाहून थोडं उदास वाटलं. फ्लेक्सवाल्या मित्राला विचारलं तर म्हणाला, आधी पोरं नमुना घेऊन यायची, हे असं काढ, ते तसं काढ, भांडायची. आता मोबाइलमधून पाठवतात आणि साइज सांगतात.

मी एआयच्या विरोधात नाही. पण एक प्रयोग केला तो सांगतो. मी त्याला म्हटलं, बाळापूरचा किल्ला काढ. त्यानं काढला. देखणा होता. डोंगरावर, काळ्या दगडाचा, मागं सूर्यास्त. आता आपल्याला माहीत आहे, आपला किल्ला डोंगरावर नाही. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे, विटांचा आहे, १७५७ साली पुरा झालेला. पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. त्यातलं एकही त्या चित्रात नव्हतं. आणि माझ्या दुकानातल्या त्या पोरानं, कुणी न सांगता, नदी मातकट काढली होती. कारण त्यानं ती पाहिली होती. पुलावर उभं राहून, शाळा सुटल्यावर, कितीदा तरी.

ते मातकट पाणी आपण 'टाइमपास' म्हणून पुसायला लावलं. माझं दुखणं एवढंच आहे.

आता काही जण म्हणतील, आणि म्हणावंच, की भाऊ, कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेलं, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही चित्रं काय काढून राह्यले? प्रश्न रास्त आहे. मी याच मातीत बातमीदारी केलीय, कोणत्या घरात काय झालं हे मी जाऊन पाहिलंय, त्यामुळं हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. पण आपल्या आज्या दुष्काळातही जात्यावर बसायच्या तेव्हा ओवी म्हणायच्या. पीठ ओवीनं पडत नव्हतं, जातं फिरवूनच पडायचं. तरी ओवी होती, म्हणून दळण सोसायचं. आपण नवं जातं घराघरात आणलं आणि ओवी तेवढी बाहेर ठेवली.

दुसरं, पोट भरतं का? कधी कधी भरतंही. आमचा तो जुना डीटीपी ऑपरेटर असल्याच हौसेतून पुढं लग्नपत्रिका करायला लागला आणि त्यावर घर बांधलं. पण पोट भरतं म्हणून करा, असं मी सांगणार नाही. तसं सांगितलं की लगेच त्याचा क्लास निघतो, फी लागते, आणि पोराला पुन्हा रडवायला सुरुवात. चित्रकलेचंच पाहा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चांगल्या परीक्षा. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर कितीतरी घरात चित्रकला म्हणजे गुणांचं दुकान झालं. परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर.

तिसरं, डोळे खराब होतील. बरोबर. पण आत्ता पोरं काय करताहेत? मोबाइलवर अंगठ्यानं रील सरकवताहेत. एकापाठोपाठ एक, तास तास. आपलं काही त्यात नाही. चित्र काढणारं पोरगं निदान काहीतरी ठरवतं. हा रंग की तो. इथं की तिथं. दिवसातून अर्धा तास स्वतःच्या मनानं ठरवायला मिळणं, हे पोराच्या वाढीला चांगलंच आहे. मोठ्यांनाही चालेल.

तर माझं म्हणणं थोडक्यात.

शाळांनो, नगर परिषदेच्या वाचनालयानो, ज्यांच्याकडे कुलपात कॉम्प्युटर आहेत त्या सगळ्यांनो, आठवड्यातून एक तास दार उघडा. शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर. त्या तासात काहीही शिकवू नका. सर्टिफिकेट देऊ नका. स्पर्धा घेऊ नका, पाहुणे बोलावू नका, हार-नारळ तर बिलकूल नको. पोरांना बसू द्या. पेंट आहेच. जुन्या मशीनवर चालणारं टक्स पेंट फुकट मिळतं, मोठ्या पोरांना जिम्प, इंकस्केप, क्रिता हेही फुकटच. माउस तुटला तर तुटू द्या. साधा माउस दोनशे-तीनशे रुपयांत येतो. एका वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये असे कितीतरी येतील. जे दरवर्षी फ्लेक्स लावतात त्यांनी यंदा एक कमी लावावा आणि शाळेला माउस द्यावेत. नाव लिहायचं असेल तर माउसवर लिहा, आमची हरकत नाही.

आणि पोरांनी काढलेलं छापा. रंगीत कागदाला दहा रुपये लागतात. वाचनालयाच्या भिंतीवर चिकटवा. 'काय करू ठेवून' या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरेसं आहे. ठेव, आम्ही पाहणार आहोत.

शिक्षकांची भीती जाईल असं एक काम अधिकाऱ्यांनीही करावं. वापरताना मशीन बिघडलं तर शिक्षकाला जबाब द्यावा लागणार नाही, एवढं लेखी द्यावं. एका ओळीचं पत्र. बाकी योजना राहू द्या.

मी माझ्यापुरतं केलंय ते सांगतो. तो 'विनाकारण हात लावू नये'चा कागद काढला. गोंदाचा डाग राहिलाय भिंतीवर, तो राहू दे. कोपऱ्यातला म्हातारा कॉम्प्युटर पुसला, त्याला नवा माउस लावला. फॉर्मची गर्दी नसेल तेव्हा, चार ते सहा, कुणीही या. पैसे नाहीत.

ते पोरगं चार दिवसांनी बहिणीच्या फॉर्मची प्रिंट न्यायला आलं. मी म्हटलं, "छत्री पुन्हा काढतं का?" आधी त्यानं रांगेकडे पाहिलं, कुणी बोलतंय का म्हणून. मग बसलं. आता रोज नाही, पण येतं. त्याच्या नावाचं फोल्डर करून दिलंय. छत्री झाली, आता किल्ला चाललाय. परवा मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, अरे, किल्ल्याचा आतला तट पंचकोनी आहे, बुरूज पाच पाहिजेत, तू तीनच काढले. तर म्हणे, "काका, रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढेच काढले. बाकीचे मांगं आहेत." मी गप्प बसलो. बरोबरच आहे त्याचं.

त्याचं चित्र या पोस्टसोबत टाकायचं मनात होतं. त्याला विचारलं. तो म्हणाला, "अजून झालं नाही, काका. नका टाकू."

म्हणून टाकत नाही. झालं की तो सांगेल.

मुख्याध्यापक आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेची कॉम्प्युटर खोली शनिवारी उघडायची तयारी असेल तर मला फोन करा. धूळ पुसायला मी येतो. बातमी करणार नाही, शब्द देतो. पोरं म्हणाली तरच करीन.